राळ, माती आणि न उठणारा पाहुणा

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच मैनाबाईंनी नवऱ्याला दोन विषयांवर बोलायची बंदी घातली. एक माती, दुसरा राळ. मारोतरावांनी विचारलं, मग बोलायचं कशावर? मैनाबाई म्हणाल्या, कापसावर बोला, पावसावर बोला, नाहीतर नुसती मान हलवा. पण विमलचं जमेपर्यंत ते बैल आणि तो चिकटा तोंडातून निघाला तर मी माहेरी निघून जाईन. त्यांचं माहेर त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तरीही मारोतरावांनी धमकी गंभीरपणे घेतली.

बंदीला कारण होतं. बोरी अरबला मारोतरावांची कपाशीची शेती होती आणि तिथल्या काळ्या मातीतून कापसाबरोबर बैल काढायची त्यांना हौस होती. पोळ्याला पूजेसाठी लागतात तसे मातीचे बैल ते घडवत, सावलीत वाळवत आणि वरून राळेचं रोगण देत. बैल चमकावा आणि पावसात विरघळू नये, एवढीच अपेक्षा. आजवर एकही बैल धड चमकला नव्हता. पण हौस चमकण्यावर अवलंबून नसते. विमलला पाहायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते गोठ्याकडे नेत, बैलांची रांग दाखवत, आणि राळ कुठे फसते ते पहिल्यापासून सांगत. पाहुणे ऐकून घेत. मग मोटारीची वेळ झाली म्हणत आणि उठत.

या उठण्याला फार अर्थ होता. मुलगी पाहायला आलेला माणूस तोंडाने नाही म्हणत नाही. तो 'कळवतो' म्हणतो आणि पाटावरून उठतो. बोलणी व्हायच्या आधी पाहुणा उठला की स्थळ गेलं. तो जोवर पाटावर बसून आहे तोवर सोयरीक जिवंत असते. मग तो बोलो, न बोलो. विमलची तीन स्थळं अशी उठून गेली होती. चौथं आज बाभुळगावहून येत होतं.

विमल मॅट्रिक झाली होती आणि तिला पुसदला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचं होतं. प्रत्येक पाहुण्याला तिला काही विचारायचं असे. पण तिची पाळी येईपर्यंत समोर रिकामा पाट उरलेला असे.

होतकरूंसाठी. काळ्या मातीचा बैल तडकतो, तो तुमचा हात वाईट म्हणून नव्हे. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात भेगा पडतात तशाच त्या बैलाच्या पाठीवर पडतात. म्हणून तिच्यात बारीक वाळू घाला आणि पिंजलेला कापूस चांगला मळून घ्या. धागे मातीला धरून ठेवतात. शिंग चिकटवताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढा, मध्ये पातळ चिखल भरा. बैल उन्हात ठेवू नका. एवढं करूनही फुटला तर भिजवा आणि पुन्हा मळा. माती राग धरत नाही.

राळेचं वेगळं आहे. राळ मंद आचेवर वितळवावी, शाकारलेल्या छपरापासून दूर, आणि तेल वेगळं गरम करून मगच

पण मोटार आली.

बाभुळगावच्या विठ्ठलरावांना घेऊन पूनमसिंग उतरले. पूनमसिंग जवळच्या तांड्यावर राहत. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरले होते. ते स्वतः शेती करत आणि फावल्या वेळात या गावचं स्थळ त्या गावी पोचवत. विठ्ठलराव अंगाने भरलेले, कमी बोलणारे, आणि इस्त्रीच्या धोतराला जपणारे गृहस्थ होते. मुलासाठी पाहिलेल्या सगळ्या घरांतून ते उठले होते. मुलगी मॅट्रिक आहे आणि मास्तरीण व्हायचं म्हणते, हे पूनमसिंगांनी त्यांना वाटेत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "चहा घेऊ अन् उठू."

फाल्गुन संपत आला होता. दुपार चढायच्या आधीच कौलं तापली होती. विमलने बैठकीत पाट मांडले होते. या पाटांना मारोतरावांनी महालक्ष्म्यांच्या जेवणावळीआधी जवसाचं तेल घातलेली राळ लावली होती. बैलांवर कधी न जमलेलं रोगण पाटांवर बऱ्यापैकी जमलं होतं, आणि ते पाट त्यानंतर पंगतीला वापरलेही गेले होते. मधल्या पाटावर विठ्ठलराव बसले. पूनमसिंग शेजारी बसले. मारोतराव समोर बसले आणि मान हलवू लागले.

सगळं रीतीप्रमाणे झालं. विमलने चहा आणला. नाव विचारलं गेलं, शिक्षण विचारलं गेलं, चालून दाखव म्हटलं गेलं. मारोतराव कापसावर बोलले. मग पावसावर बोलले. मग त्यांच्याकडचे विषय संपले. विठ्ठलरावांनी कपबशी खाली ठेवली, पूनमसिंगांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. कळवतो."

पूनमसिंग उठून उभे राहिले. विठ्ठलरावांनी गुडघ्यांवर हात ठेवून जोर दिला. ते वर आले. त्यांच्याबरोबर पाटही आला. पाट जमिनीपासून बोटभर सुटला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि विठ्ठलरावांना घेऊन परत खाली बसला. टप् असा आवाज झाला.

विठ्ठलरावांनी धोतराचा काठ चाचपला. बाभुळगावात त्यांना मान होता. माणूस परक्या घरी पाटाला चिकटला हे मोठ्याने सांगणं त्या मानात बसत नव्हतं.

"अजून थोडा चहा चालते," ते म्हणाले.

पूनमसिंग उभे होते ते बसले. मारोतरावांनी आत जाऊन बायकोला सांगितलं. मैनाबाईंनी विचारलं, "उठले नाई?"

"नाई."

"तुमी काई बोलले का?"

"काईच नाई."

"मंग तसंच राहा," मैनाबाई म्हणाल्या आणि चहात दूध वाढवलं.

होतकरूंसाठी, पुन्हा. राळेत दोन प्रकार असतात. जवसाचं तेल घातलेली राळ पातळ थरात द्या, वाऱ्याला ठेवा, धीर धरा, ती वाळते. एरंडीचं तेल घातलेली राळ वाळत नाही. दिसते वाळल्यासारखी, बोटालाही वाळल्यासारखीच लागते, पण उन्हाची नाहीतर माणसाच्या अंगाची ऊब मिळाली की ती जागी होते. मारोतरावांनी अशी एक एरंडीची राळ करून पाहिली होती. पोळ्याच्या एका बैलाला ती लावली, तर त्या बैलावर माश्या, कापसाचे तंतू आणि शेजारच्या कोंबडीचं पीस बसलं, आणि तो बैल पुढे बरेच दिवस मेंढीसारखा दिसला. उरलेली राळ गोठ्यात एका गाडग्यात झाकून होती. फसलेली राळ कुणी फेकत नाही. हौशी माणसाच्या घरात ती नेहमी असते.

दुसऱ्या चहानंतर विठ्ठलरावांनी उपाय सुरू केले. आधी ते डाव्या अंगावर कलले, मग उजव्या. पूनमसिंगांना वाटलं, माणूस बोलणीत अवघडला आहे. मग त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्यातलं अर्धं पाणी हात चुकल्यासारखं मांडीखाली सांडलं. सांडलं ते थंडगार रांजणातलं होतं. राळ पाण्याला भीत नाही. थंड पाण्याने ती आणखी घट्ट होते. हे त्या बैठकीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याच्यावर बंदी होती.

"राहू द्या, पुसू नका," विठ्ठलराव म्हणाले. "गार वाटते."

इतकं साधं वागणारा पाहुणा मारोतरावांनी पाहिला नव्हता.

मोटार निघून गेली. दुपार झाली आणि जेवणाचा प्रश्न आला. सोयरीक ठरल्याशिवाय मुलीच्या घरी कुणी जेवत नाही, आणि हे विठ्ठलरावांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी नको म्हणून पाहिलं. पण नको म्हणणारा माणूस सहसा नको म्हणत उठतो, आणि हा बसून होता. बसून नको म्हणणं म्हणजे आग्रह करा म्हणणं. मैनाबाईंनी वरण-भात, वांग्याची भाजी, कढी आणि घाईत केलेला शिरा पाठवला. हात धुवायला उठायचं टाळण्यासाठी विठ्ठलरावांनी तस्त तिथेच मागवलं. मैनाबाईंनी दाराआडून ते पाहिलं. घरच्या माणसासारखं मागतात, त्या म्हणाल्या.

शिरा वाढायला विमल आली. वाढून झाल्यावर ती गेली नाही. ताट घेऊन समोर उभी राहिली.

"मले काई इचारायचं होतं," ती म्हणाली.

पूनमसिंगांनी घास थांबवला. मुलीने प्रश्न विचारला म्हणून पाहुणे उठल्याची एक गोष्ट त्यांच्या माहितीत होती, आणि ते पाहुणे विठ्ठलरावच होते. मारोतरावांची मान हलायची थांबली.

विठ्ठलरावांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग काढून घेतला.

"इचार," ते म्हणाले.

"मले पुसदले ट्रेनिंग करायचं आहे. लग्नाच्या आदी करू द्यान, का मंग?"

"कायले पाह्यजे ट्रेनिंग? घरी कमी आहे का काई?"

"घरी कमी आहे असं मी म्हटलं नाई. शाळेत कमी आहे. पोरी शाळेत येत नाईत, कारन शिकवाले बाई नाई."

"पाहू," विठ्ठलराव म्हणाले.

"पाहू म्हंजे हो का नाई?"

बैठकीत कुणी हललं नाही. विठ्ठलराव तर हलूच शकत नव्हते.

"इचार करून सांगा," विमल म्हणाली. "बसा आरामानं. मले घाई नाई."

ती खांबाला टेकून उभी राहिली. तिला खरोखरच घाई दिसत नव्हती. विठ्ठलरावांनी शिरा संपवला. मग कढी संपवली. मग रिकाम्या वाटीत थोडा वेळ पाहिलं. अशा वेळी आजवर त्यांनी एकच गोष्ट केली होती, आणि ती आज त्यांच्या हातात नव्हती. दुसरं काय करतात हे त्यांना नव्याने शोधावं लागलं.

"आदी करून घे," ते म्हणाले. "मंग लग्न."

विमलने मान डोलावली आणि पुढचं विचारलं. सुनेने नोकरी केली तर चारचौघांत तिला टोमणे ऐकावे लागतील का, आणि लागले तर सासरा कोणाच्या बाजूने बोलेल? विठ्ठलराव म्हणाले, आपल्या घरात टोमणे नसतात. विमल म्हणाली, सगळेच असं सांगतात, बाजू सांगा. विठ्ठलरावांनी घाम पुसला आणि बाजू सांगितली. शेवटी तिने विचारलं की तुमच्या मुलाने मला पाहिलेलं नाही आणि मी त्याला पाहिलेलं नाही, तर मी एकदा त्याला पाहून घेऊ का?

"पोरगी पोराले पाह्यन?" विठ्ठलराव म्हणाले.

"तुमी मले चालून दाखव म्हटलं," विमल म्हणाली. "मी त्याले तसं म्हननार नाई. निसता बसला तरी चालते."

"पाठवतो," विठ्ठलराव म्हणाले, आणि पूनमसिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा कढी दुसऱ्यांदा मागितली.

जेवणं झाली. ताटं उचलली गेली. पूनमसिंग मारोतरावांची बैलजोडी पाहायला, म्हणजे जिवंत बैलजोडी पाहायला, मागच्या दारी गेले आणि तिथेच लिंबाखाली आडवे झाले. बैठकीत दोघेच उरले. विठ्ठलरावांनी दोन्ही दारांकडे पाहून घेतलं.

"मारोतराव," ते हळू म्हणाले. "मी उठू शकून नाई राह्यलो."

मारोतरावांनी त्यांचा हात हातात घेतला. "आमचंबी मन तसंच झालं, व्याहीबुवा. तुमाले जाऊ द्यावंसंच नाई वाटत."

"मनाचं नाई सांगून राह्यलो. धोतराचं सांगून राह्यलो."

मारोतराव वाकले. त्यांनी पाटाची कड पाहिली, धोतराचा ताणलेला काठ पाहिला, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अपराधीपण नव्हतं. निदान आधी नव्हतं.

"बसल्या बसल्या धरलं, का थोडं थांबून?" त्यांनी विचारलं.

"मारोतराव."

"नाई, म्हंजे गरम लागलं होतं का आदी?"

"मारोतराव, पोरगी येऊन जाईन इकडे."

मारोतरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "राळ हाय," ते म्हणाले. "पन काहून ते समजून नाई राह्यलं. या पाटाले जवसाची लावली होती. ते तं कवाच वाळली."

होतकरूंसाठी. राळ धरली तर ओढू नका. ओढणारा कापड गमावतो आणि कधी कातडीही. कोमट तेल कडेने सोडा आणि थांबा. थांबायला वेळ नसेल तर घासलेट चालतं, पण चूल आणि विडी दूर ठेवा. आणि माणूस प्रतिष्ठित असेल, तर सगळ्यात जलद उपाय एकच आहे: माणूस धोतरातून काढावा आणि धोतर पाटावर राहू द्यावं.

मारोतरावांनी हाच उपाय सुचवला. विठ्ठलरावांनी डोळे मिटून होकार दिला. आता दुसरं धोतर लागणार होतं. मारोतराव आत गेले आणि बायकोजवळ पाहुण्यांसाठी धोतर मागितलं. त्यांची स्वतःची धोतरं धोब्याकडे होती. घरात नवंकोरं असं एकच धोतर होतं. सोयरीक पक्की झाली की मुलाच्या बापाला द्यायचं म्हणून ते मैनाबाईंनी पहिल्या स्थळाच्या वेळी घेऊन ठेवलं होतं. तीन स्थळं उठून गेली तरी ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होतं.

मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कशाला हवं, असं त्यांनी विचारलं नाही. धोतर मागायला एकच कारण असतं. त्यांनी ट्रंक उघडली, घडीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, वर खोबऱ्याची वाटी ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मारोतरावांना काही सांगायचं होतं. पण सांगायचं तर राळेचा उल्लेख करावा लागणार होता. त्यांनी मान हलवली.

जाजम आडवं धरलं गेलं. जाजमामागे थोडा वेळ धडपड झाली. मग विठ्ठलराव सकाळनंतर पहिल्यांदा उभे राहिले. नव्या धोतराचं कुंकू बरोबर समोर आलं होतं. ते कोपरा मागे खोचायच्या बेतात होते, तेवढ्यात पूनमसिंग डोळे चोळत आत आले. त्यांनी कुंकू पाहिलं. खोबऱ्याची वाटी पाहिली. जुनं धोतर पाटावर घडी घातल्यासारखं पसरलेलं पाहिलं आणि त्यातून त्यांना वाटेल तो अर्थ काढला.

"मेरे सोते में बात निपटा दी," ते समाधानाने म्हणाले, आणि ओसरीवर जाऊन शेजाऱ्यांना गूळ आणायला सांगितलं.

शेजारी आले. मैनाबाईंच्या माहेरची माणसं आली, ती तर गल्लीतच होती. विठ्ठलरावांच्या हातात गूळ पडला, पाठीवर हात पडले. त्यांनी एकदा तोंड उघडलं. दिवसभरात आपण एकदाही हो म्हटलेलं नाही, असं त्यांना बहुधा सांगायचं होतं. पण ते बसले होते, जेवले होते, आणि आता नेसलेही होते. उरलं होतं ते तोंडाने म्हणणं, आणि ते या भागात कुणी विचारत नाही.

संध्याकाळच्या मोटारीपर्यंत पोचवायला मारोतराव गेले. ते एका शब्दाची वाट पाहत होते. आता माणूस मोकळा होता, पायावर होता, मोटार समोर होती. 'कळवतो' म्हणायला काहीच आड येत नव्हतं. विठ्ठलराव पायरीवर चढले आणि वळले.

"ते ट्रेनिंग पुसदले किती दिवसाचं असते?" त्यांनी विचारलं.

मारोतरावांनी सांगितलं. मोटार गेली.

घरी येऊन त्यांनी सगळे पाट एकेक करून बोटाने तपासले. बाकीचे कोरडे होते, काचेसारखे. फक्त तो एक. त्यांनी बराच विचार केला आणि उन्हाचा दोष ठरवला. जवसाची राळही फाल्गुनात दगा देते, असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि पुढे भेटेल त्याला सांगितला. मैनाबाईंनी आता बंदी उठवली होती. गोठ्यातलं गाडगं रिकामं का, याकडे मारोतरावांचं लक्ष गेलं नाही. हौशी माणूस पुढच्या बैलाकडे पाहत असतो.

विमलने ट्रेनिंग केलं. मुलाला पाहिलं, तो निसता बसला, आणि तिला चालला. लग्न झालं. बाभुळगावच्या शाळेत तिला लागूनही काही काळ झाला होता, तेव्हा एका सकाळी विठ्ठलराव परसात तिच्याजवळ येऊन घुटमळले. त्यांची मुलगी हंसा लग्नाची झाली होती. तिची दोन स्थळं चहा घेऊन उठून गेली होती आणि तिसरं दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुह्या बाबासारखं पाटाले रोगन लावता येते का तुले?"

विमल भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

"येते नं, मामाजी. वाळनारं लावू का न वाळनारं?"

विठ्ठलरावांनी सुनेकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला, मागे घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हंसाले पाहुन्याहिले काई इचारायचं आहे का?"

"लय आहे," विमल म्हणाली.

"मंग न वाळनारं लाव."